मूलनिवासींचे मतदान कमी दिसते, त्याला उदासीनता म्हणावे का?

पारिजात यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात मला कॅनडातील मूलनिवासींच्या मतदानाविषयी बोलायचे आहे, आणि त्याचे टिपण लिहिताना मी एका शब्दापाशी अडले आहे. माझ्यापुढे असलेले आकडे असे आहेत: २०११ च्या केंद्रीय निवडणुकीत फर्स्ट नेशन्स या मूलनिवासी राष्ट्रांच्या राखीव वस्त्यांवर सुमारे ४७.४ टक्के मतदान झाले. २०१५ मध्ये ते ६१.५ टक्क्यांवर गेले, म्हणजे एका निवडणुकीत चौदा टक्क्यांची उडी घेतली, आणि त्यानंतर ते पुन्हा खाली आले. २०१५ मध्ये देशभरातील मतदान ६८ टक्क्यांच्या आसपास होते, तेव्हा सर्वांत चांगल्या वर्षीही अंतर उरलेच होते.

या परिच्छेदाला मी ‘मूलनिवासी समाजांतील राजकीय उदासीनता’ असा मथळा दिला होता. टिपण वाचणाऱ्या मैत्रिणीने नेमका तोच शब्द खोडला आणि समासात लिहिले, ‘हे तुला कोणी सांगितले?’ खरे सांगायचे तर कोणीच सांगितले नव्हते. आकडा कमी आहे, म्हणजे आस्था कमी असणार, असे मी गृहीत धरले होते. हा शब्द ठेवता येईल का? नसेल, तर हे अंतर कशाने समजावून सांगावे? इतर देशांत काय घडले, याविषयीही कोणी जाणकाराने लिहावे, ही विनंती.

दीपस्तंभ यांचे उत्तर

पारिजात, आपल्या मैत्रिणीचा आक्षेप मला रास्त वाटतो. ज्या समाजांविषयी आपण लिहीत आहात, त्यांच्याकडे मताधिकार कोणत्या वाटेने आला हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

कॅनडात १८५७ साली एक कायदा झाला. त्यानुसार मूलनिवासी पुरुषाला मताधिकारासह ‘पूर्ण नागरिकत्व’ मिळू शकत होते, परंतु त्यासाठी त्याचे वय २१ पेक्षा अधिक असावे, त्याला इंग्रजी किंवा फ्रेंच लिहिता-वाचता यावे, त्याच्यावर कर्ज नसावे आणि त्याची वर्तणूक चांगली असल्याचा निर्वाळा मिळावा, अशा अटी होत्या. त्या काळच्या कित्येक गोऱ्या वसाहतकऱ्यांनाही त्या पुऱ्या करता आल्या नसत्या. एवढे करूनही त्या पुरुषाला कायद्याने ‘इंडियन’ असण्याचा दर्जा सोडावा लागे, आणि दर्जा गेला की जमातीतले स्थान आणि करारांनी मिळालेले हक्क हेही जात. १८७६ पर्यंत केवळ एका व्यक्तीने स्वेच्छेने हा मार्ग पत्करला, असे इतिहासकार नोंदवतात. कायद्याच्या इंग्रजीत या प्रक्रियेचे नाव ‘एन्फ्रँचाइझमेंट’ असे होते. इतरांसाठी ज्या शब्दाचा अर्थ मताधिकार मिळणे असा होता, त्याच शब्दाचा अर्थ या लोकांसाठी आपले माणूसपण सरकारदरबारी गहाण टाकणे असा झाला.

दर्जा न गमावता मत देण्याचा सरसकट अधिकार १ जुलै १९६० पासून मिळाला. तेव्हा पंतप्रधानपदी जॉन डिफेनबेकर होते. प्रांतांपैकी ब्रिटिश कोलंबियाने हा अधिकार १९४९ मध्ये दिला होता, तर क्वेबेकने सर्वांत शेवटी, १९६९ मध्ये दिला. म्हणजे आज नव्वदीच्या घरात असलेल्या आजींचे एकविसावे वर्ष उलटून गेले, तेव्हाही त्यांना केंद्रीय निवडणुकीत मत नव्हते. अधिकार आला तेव्हाही अनेकांनी त्याकडे संशयाने पाहिले, कारण मत दिले की करारांतले हक्क जातील ही भीती शंभर वर्षांच्या अनुभवातून आलेली होती. आर्क्टिक प्रदेशातील मूलनिवासी असलेल्या इन्यूइट लोकांची कथा वेगळी आहे. १९३४ मध्ये त्यांना कायद्याने वगळले, १९५० मध्ये ती बंदी उठली, परंतु पूर्व आर्क्टिकमधल्या सर्व वस्त्यांपर्यंत मतपेट्या पोहोचायला १९६२ उजाडले. बारा वर्षे त्यांच्यापैकी अनेकांचा अधिकार कागदावरच राहिला.

आता दुसरी बाजू, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. काही मूलनिवासी राष्ट्रे मत देत नाहीत, कारण मत न देणे हीच त्यांची जाहीर राजकीय भूमिका आहे. हॉडेनोशोनी (इरोक्वा) या सहा मूलनिवासी राष्ट्रांच्या संघातील लोक ‘दोन रांगांच्या पट्ट्या’चा दाखला देतात. शिंपल्यांच्या पांढऱ्या मण्यांच्या त्या पट्ट्यावर जांभळ्या मण्यांच्या दोन समांतर रेघा आहेत. एक रेघ गोऱ्यांच्या जहाजाची, दुसरी आपल्या होडीची. दोघांनी एकाच नदीतून शेजारी शेजारी जायचे आणि कोणी दुसऱ्याचे सुकाणू धरायचे नाही. ज्यांची ही श्रद्धा आहे, त्यांना ओटावातल्या संसदेसाठी मत देणे म्हणजे दुसऱ्याच्या जहाजाच्या सुकाणूला हात लावणे वाटते, आणि त्याहून वाईट म्हणजे आपली होडी त्या जहाजाला बांधून घेणे वाटते.

त्यांच्या या भूमिकेमागे ताजी जखमही आहे. ओंटारिओतील सिक्स नेशन्सच्या वस्तीत कुलमाता आपल्या कुळाचा प्रमुख निवडत, आणि तो चुकला तर त्याला पदावरून दूरही करत. १९२४ मध्ये कॅनडा सरकारने ती पारंपरिक सभा बरखास्त केली आणि तिच्या जागी निवडणुकीने येणारी परिषद लादली. मूलनिवासींविषयीच्या ‘इंडियन ॲक्ट’ या केंद्रीय कायद्याखाली होणाऱ्या अशा परिषदांच्या निवडणुकीत १९५१ पर्यंत स्त्रियांना मतच नव्हते. ज्या स्त्रिया प्रमुख नेमत आणि काढत होत्या, त्यांच्या हातून मतपेटीने सत्ता काढून घेतली. त्या घरातली नात आज मतदानाला जात नसेल, तर तिला उदासीन म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मात्र सर्व राष्ट्रांची ही भूमिका नाही, हेही टिपणात लिहा. फर्स्ट नेशन्सच्या सभेचे तेव्हाचे राष्ट्रीय प्रमुख पेरी बेलगार्ड यांनी २०१५ मध्ये आधी, निःपक्ष राहण्यासाठी आपण मत देत नाही असे सांगितले होते, आणि पुढे भूमिका बदलून मत देण्याचा निर्णय जाहीर केला. हा वाद घराघरांत आहे आणि दोन्ही बाजूंना विचारी माणसे आहेत.

कासव यांचे उत्तर

दीपस्तंभ यांनी इतिहास उत्तम मांडला आहे. मी कॅनडात राहतो आणि एका केंद्रीय निवडणुकीत एका राखीव वस्तीतील मतदान केंद्रावर दिवसभर टेबलावर बसलो आहे, तेव्हा तिथे पाहिलेले थोडेसे लिहितो.

केंद्र वस्तीच्या सभागृहात होते. सकाळी एक आजी आपल्या बहिणीला घेऊन आल्या. सोबत त्यांची भाची होती. आजींकडे दर्जाचे कार्ड होते, म्हणजे सरकारनेच दिलेले, छायाचित्र असलेले ओळखपत्र. परंतु त्या कार्डावर पत्ता नसतो, आणि कायद्याला ओळख व पत्ता दोन्ही लागतात. पत्त्याचा पुरावा म्हणून त्यांनी एक पत्र पुढे केले. त्यावर टपालपेटीचा क्रमांक होता, घराचा नव्हता, कारण त्या वस्तीत घरांना क्रमांकच नव्हते. ‘पाण्याच्या टाकीच्या पुढे, निळ्या दाराचे घर’ हा त्यांचा पत्ता होता, आणि तो वस्तीतल्या लहान मुलालाही ठाऊक होता. अशा वेळी त्याच मतदान विभागातला मतदार लेखी हमी देऊ शकतो. भाचीने हमी द्यायची तयारी दाखवली, पण एका माणसाला एकाच मतदाराची हमी देता येते. भाची एक आणि आज्या दोन. धाकट्या आजींनी बहिणीला पुढे केले आणि स्वतः भिंतीलगतच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. ओळखीचे कोणी येईपर्यंत पाऊण तास गेला. नंतर शेजारचे गृहस्थ आले, त्यांनी हमी दिली आणि आजींनी मत दिले. त्या पाऊण तासात त्या उठून घरी गेल्या असत्या तर कोणाच्याही नोंदवहीत त्याची कारणासह नोंद झाली नसती. टक्केवारीत एक मत कमी दिसले असते, इतकेच.

परिषदेच्या कार्यालयाकडून निवासाचे पत्र आणले तर तेही पुरावा म्हणून चालते. पण ही गोष्ट मतदाराला आधी कळायला हवी, आणि ते कार्यालय उघडे असायला हवे. आमच्या केंद्राची तयारी ज्यांच्याकडे होती त्यांनी ही सूचना वस्तीत वेळेवर पोहोचवली नव्हती, आणि मलाही प्रशिक्षणात त्या पत्राविषयी एकच ओळ सांगितली होती. मी स्वतः अधिक विचारून घ्यायला हवे होते, हे मला अजून लागून राहिले आहे.

याच संदर्भात आपल्या आकड्यांतली २०१५ ची उडी पाहा. २०१४ च्या कायद्याने हमीची तरतूद बरीच आवळली होती आणि घरी येणाऱ्या मतदारसूचना कार्डाचा पुरावा म्हणून होणारा उपयोग बंद केला होता. २०१८ च्या कायद्याने या गोष्टी पुन्हा सैल केल्या. म्हणजे मतदान वाढले ते नियम कडक असताना. २०१२ च्या हिवाळ्यात सुरू झालेल्या ‘आयडल नो मोअर’ या मूलनिवासी हक्कांच्या चळवळीने तरुण पिढीला रस्त्यावर आणले होते, आणि त्यातल्या अनेकांनी पुढे आपापल्या वस्त्यांत मतदारनोंदणीची व ओळखपत्रांची मोहीम चालवली. त्या दिवशी काही वस्त्यांत मतपत्रिका संपल्या. किती लोक येतील याचा अंदाज आधीच्या निवडणुकांवरून बांधला होता, आणि लोकांनी तो खोटा ठरवला. ज्यांना आपण उदासीन म्हणणार आहोत, ते मतपत्रिका संपल्यावर रांगेत उभे होते, हे टिपणात यायला हवे असे मला फार वाटते.

शेवंती यांचे उत्तर

कासव यांनी लिहिलेली घरक्रमांकाची अडचण अमेरिकेत थेट न्यायालयापर्यंत गेली. तिथे १९२४ च्या कायद्याने सर्व मूलनिवासींना नागरिकत्व मिळाले, पण मतदानाचे नियम राज्यांच्या हाती राहिले. ॲरिझोनाने त्यांना ‘पालकत्वाखालील व्यक्ती’ ठरवून वगळले, तर न्यू मेक्सिकोने ‘कर न भरणारे’ म्हणून वगळले. दुसऱ्या महायुद्धात मरीन दलात सेवा करून आलेले न्यू मेक्सिकोतील आयस्लेटा प्वेब्लो या मूलनिवासी वस्तीचे शिक्षक मिगेल ट्रुहियो मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले, तेव्हा त्यांना परत पाठवले गेले. त्यांनी दावा लावला आणि १९४८ मध्ये जिंकला. त्याच वर्षी ॲरिझोनाचीही बंदी न्यायालयाने उठवली.

नॉर्थ डकोटाचे उदाहरण आपल्या विषयाला अगदी लागू पडते. त्या राज्यात मतदारनोंदणीच नाही. ओळखपत्र दाखवून मत देता येते. परंतु ओळखपत्रावर राहत्या घराचा रस्त्यासह पत्ता हवा, टपालपेटीचा क्रमांक चालणार नाही, असा नियम झाला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये, निवडणूक महिन्याभरावर आली असताना, सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमाला स्थगिती देण्यास नकार दिला. स्टँडिंग रॉक, टर्टल माउंटन आणि इतर राष्ट्रांनी मग स्वतःच घरांना पत्ते देऊन विनामूल्य ओळखपत्रे छापायला घेतली. टर्टल माउंटनला इतकी मागणी आली की छपाईचे यंत्र तापून कार्डे वितळू लागली. त्या वर्षी तिथल्या मूलनिवासी वस्त्यांत मतदान लक्षणीय वाढले. २०२० मध्ये राज्याने तडजोड केली, आणि आता ज्याच्या घराला पत्ता नाही असा मूलनिवासी मतदार नकाशावर आपले घर खूण करून दाखवू शकतो. नकाशावरच्या एका खुणेने सुटणारा प्रश्न सुटायला न्यायालयात काही वर्षे गेली.

न्यूझीलंडविषयी थोडक्यात: तिथे १८६७ मध्येच मूलनिवासी माओरींसाठी संसदेत चार जागा ठेवल्या आणि सर्व प्रौढ माओरी पुरुषांना मत दिले, मालमत्तेची अट न घालता. हे ऐकायला फार पुढारलेले वाटते. परंतु लोकसंख्या कितीही असो, जागा चारच राहिल्या, थेट १९९६ च्या निवडणुकीपर्यंत. आता त्या सात आहेत. शिवाय इतरांना १८७० पासून गुप्त मतदान होते, तर माओरी मतदाराला १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अधिकाऱ्यापुढे उभे राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगावे लागे.

तळटीप यांचे उत्तर

चर्चा चांगली चालली आहे, पण आकड्यांच्या बाजूने दोन हरकती नोंदवतो, कारण टिपणात त्या सुटल्या तर सगळा डोलारा कच्च्या पायावर उभा राहील.

एक म्हणजे, ६१.५ टक्के हे ‘मूलनिवासींचे मतदान’ नव्हे. कॅनडाच्या मतदारयादीत कोणाचा वंश लिहिलेला नसतो. जे मतदान विभाग संपूर्णपणे राखीव वस्त्यांच्या हद्दीत येतात, तिथल्या मतांवरून हा अंदाज काढतात. फर्स्ट नेशन्सचे निम्म्याहून अधिक लोक राखीव वस्त्यांबाहेर, बहुतांशी शहरांत राहतात. ते या आकड्यात नाहीत. मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशातून आलेले मेटी लोक जवळजवळ नाहीत. इन्यूइटही नाहीत, कारण त्यांच्या वस्त्या ‘राखीव’ या कायदेशीर व्याख्येत बसत नाहीत.

दुसरे म्हणजे वय. २०२१ च्या जनगणनेत मूलनिवासींचे सरासरी वय ३३.६ वर्षे आहे, तर बाकीच्या लोकसंख्येचे ४१.८. तरुण मतदार बहुतेक लोकशाह्यांत कमी मतदान करतात. तेव्हा अंतराचा काही भाग केवळ वयाचा आहे, आणि तो वेगळा न काढता सगळे अंतर इतिहासाच्या किंवा सार्वभौमत्वाच्या खात्यावर टाकणे मला पटत नाही. दीपस्तंभ यांच्या मांडणीत हा धोका आहे.

कासव यांचा मुद्दा मात्र मला ऑस्ट्रेलियाच्या अनुभवाने अधिकच पटतो. तिथे १९६२ मध्ये ॲबोरिजिनल लोकांना केंद्रीय मताधिकार मिळाला (तो १९६७ च्या सार्वमताने मिळाला अशी समजूत सर्वत्र आहे, ती चुकीची आहे), आणि १९८४ पासून त्यांच्यासाठीही नोंदणी व मतदान सक्तीचे झाले. आता सक्ती आहे म्हटल्यावर इच्छेचा प्रश्न उरत नाही असे वाटेल. परंतु २०१२ पासून तिथले निवडणूक आयोग सरकारी नोंदींवरून माणसाचे नाव आपोआप यादीत घालू लागले, आणि त्यासाठी घरी पत्र पाठवणे हा एक टप्पा होता. ज्या दुर्गम वस्त्यांत घरोघर टपाल जात नाही, त्या या सोयीतून वगळल्या गेल्या, आणि अशा वस्त्या बहुतांशी मूलनिवासींच्याच होत्या. पुढे ही पद्धत सुधारली आणि नोंदणीची मोहीम वाढवली, तेव्हा मूलनिवासींच्या नोंदणीचा अंदाज २०२२ च्या अखेरीस असलेल्या सुमारे ८४ टक्क्यांवरून २०२३ च्या मध्यापर्यंत सुमारे ९४ टक्क्यांवर गेला. सहा-सात महिन्यांत एखाद्या समाजाची आस्था दहा टक्क्यांनी वाढत नसते; बदलली ती पद्धत आणि तिच्यामागची मेहनत.

नोंदणी म्हणजे मतदान नव्हे, हेही खरे. नॉर्दर्न टेरिटरीतील लिंगियारी मतदारसंघात २०२२ मध्ये जेमतेम दोन तृतीयांश मतदान झाले, तेव्हा देशात ते नव्वद टक्क्यांच्या जवळ होते. तिथल्या दुर्गम वस्त्यांत फिरते मतदान पथक येते आणि काही ठिकाणी ते काही तासच थांबते. त्या वेळी माणूस अंत्यविधीसाठी दुसऱ्या वस्तीत गेला असेल तर त्याची संधी गेली.

पारिजात यांचा पुढचा प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. ‘उदासीनता’ हा शब्द मी काढला आहे. तळटीप यांची हरकत मान्य करून आता एक नेमका प्रश्न विचारते: २०१५ नंतर जी घसरण दिसते, तिच्यात ‘पद्धतीचा दोष’ ठळकपणे दिसेल असे एखादे उदाहरण कॅनडातच आहे का? परदेशातील उदाहरणे दिली की श्रोते ‘तिथले वेगळे’ म्हणतात.

कासव यांचे उत्तर

आहे, आणि फार जुने नाही. सप्टेंबर २०२१ च्या निवडणुकीत ओंटारिओच्या केनोरा मतदारसंघात पिकँगिकम, पॉप्लर हिल आणि कॅट लेक या तीन फर्स्ट नेशन्समध्ये मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रच नव्हते. या वस्त्यांना तेव्हा बारमाही रस्ता नव्हता, विमानाने जावे लागे. निवडणुकीच्या सुमारास बरेच लोक शिकारीसाठी रानात असणार, म्हणून तिथे मतदान आधीच्या तारखेला घेतले गेले. कल्पना वाईट नव्हती. लोकांच्या ऋतुचक्राकडे पाहूनच ती पुढे आली होती. परंतु मतदारांच्या हातातल्या सूचना कार्डावर तारीख २० सप्टेंबर हीच राहिली. त्या दिवशी कार्ड घेऊन जो मत द्यायला निघाला, त्याला मत देण्याची जागाच नव्हती. निवडणूक यंत्रणेने नंतर याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

तुमच्या आलेखात या वस्त्यांचा बिंदू खूप खाली दिसेल. तो कशामुळे खाली आहे, हे आलेख सांगणार नाही. ते तुम्हालाच बोलून सांगावे लागेल.

तळटीप यांचे उत्तर

हे उदाहरण जरूर घ्या, मात्र तीन वस्त्यांवरून देशाची घसरण सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी सांगा. आलेखाखाली मी असे लिहिले असते: ‘हा अंदाज केवळ राखीव वस्त्यांवरील मतदान विभागांचा आहे. वस्त्यांबाहेर राहणारे फर्स्ट नेशन्सचे लोक, मेटी आणि इन्यूइट यांचा त्यात समावेश नाही. जाणीवपूर्वक मत न देणारे आणि मत देता न आलेले, असा भेद या आकड्यात होत नाही.’ शेवटचे वाक्य लहान अक्षरांत टाकू नका. मथळ्याच्या लगेच खाली घ्या.

पारिजात यांचे उत्तर

तिन्ही वाक्ये घेतली, आणि शेवटचे मथळ्याखालीच घेतले आहे. मैत्रिणीला पुन्हा वाचायला दिले. तिने समासात एकच दुरुस्ती सुचवली: ‘मत देता न आलेले’ हे आधी लिही, ‘न देणारे’ नंतर.